कॅटाटोनिया ओळखायचा कसा: खाटेजवळची तपासणी, लोराझेपाम चाचणी आणि पुढची काळजी

‘डोळे उघडे आहेत, पण बोलत नाही. तोंडात घास दिला तर तसाच राहतो. हाक मारली तर वळूनही बघत नाही.’ असं सांगत नातेवाईक रुग्णाला घेऊन येतात, तेव्हा केसपेपरवर बहुतेकदा ‘डिप्रेशन’, ‘हिस्टेरिया’ किंवा ‘सहकार्य करत नाही’ यांपैकी काहीतरी लिहिलं जातं. कॅटाटोनियाची, म्हणजे हालचाल, बोलणं आणि प्रतिसाद थिजण्याच्या किंवा विचित्र होण्याच्या अवस्थेची, तपासणी होतच नाही. मानसोपचार विभागात भरती होणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकात ही अवस्था सापडते, अर्थात कोणी शोधली तर. मानसोपचारात इतक्या लवकर सुटणाऱ्या अवस्था फार थोड्या आहेत. कित्येकदा लोराझेपाम या चिंता आणि झोपेसाठीच्या औषधाच्या एका इंजेक्शननंतर रुग्ण स्वतःहून पाणी मागतो. ओळखायला उशीर झाला, तर पायातली रक्ताची गुठळी, न्यूमोनिया किंवा किडनी निकामी होणं यांपैकी कशानेही जीव जाऊ शकतो. म्हणून निवासी डॉक्टर, वॉर्डातल्या परिचारिका आणि गावोगावचे जनरल प्रॅक्टिशनर यांना ही तपासणी हातखंडा यायला हवी. नातेवाइकांसाठीचा भाग शेवटाकडे आहे.

हा फक्त स्किझोफ्रेनियाचा प्रकार नव्हे

जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल काल्हबाउम यांनी १८७४ मध्ये कॅटाटोनियाचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. पुढे एमिल क्रेपेलिन यांनी तो आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या आजारात बसवला, आणि जवळजवळ शतकभर पाठ्यपुस्तकांत तो तिथेच राहिला. या जुन्या वर्गीकरणाची किंमत रुग्ण अजून मोजतात, कारण कॅटाटोनिया दिसला की अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं औषध) सुरू करायचं ही सवय त्यातूनच आली. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या वर्गीकरणाने कॅटाटोनिया कुठल्याही मानसिक किंवा शारीरिक आजारासोबत नोंदवण्याची सोय केली. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात तर त्याला स्वतंत्र स्थान आहे.

प्रत्यक्षात बायपोलर आजार आणि तीव्र नैराश्य ही त्याची फार मोठी कारणं आहेत. बाळंतपणानंतरचा सायकोसिस आणि किशोरवयातला ऑटिझम यांतही तो दिसतो. शारीरिक कारणांत मेंदूज्वर, क्षयाचा मेनिंजायटिस, टायफॉइड, सोडियमची कमतरता, ल्युपस, विल्सन्स डिसीज आणि फिट्स येतात. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या अचानक बंद करणं, क्लोझापीन हे अँटिसायकोटिक एकाएकी थांबवणं, दारू सोडण्यासाठी दिलेलं डायसल्फिराम यांनीही तो उद्भवू शकतो. तरुण मुलगी, काही दिवसांत बदललेलं वागणं, फिट्स, चेहऱ्याच्या विचित्र हालचाली आणि कॅटाटोनिया असं चित्र एकत्र दिसलं, तर एनएमडीए रिसेप्टरविरोधी एन्सेफलायटिसचा (शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटते त्या आजाराचा) विचार त्याच दिवशी करा. अशा मुलींपैकी काहींच्या बीजांडकोशात टेराटोमाची गाठ सापडते. ती काढणं हा उपचाराचाच भाग असतो.

काय शोधायचं

डीएसएम-५ ने बारा लक्षणं दिली आहेत. त्यांपैकी तीन हवीत. वॉर्डात मात्र १९९६ चं बुश-फ्रान्सिस मापन जास्त उपयोगी पडतं. त्यात २३ मुद्दे आहेत. पहिले १४ चाळणीसाठी असून त्यांतली दोन किंवा अधिक लक्षणं २४ तास टिकली तर कॅटाटोनिया धरून चालतात. नंतर सगळ्या २३ मुद्द्यांना गुण देऊन तीव्रता मोजतात. कमाल गुण ६९.

निश्चल पडून राहणं आणि मौन ही दोन लक्षणं सगळ्यांना ठाऊक असतात. निसटतात ती पुढची. टक लावून बघणं, पापण्यांची उघडझाप कमी होणं. अवघडलेल्या स्थितीत बराच वेळ राहणं: उशी काढून घेतली तरी डोकं गादीपासून दोन-तीन इंच वर तसंच, एक हात हवेत, एक पाय अर्धवट दुमडलेला. सांगितलेल्या गोष्टीला विनाकारण विरोध किंवा नेमकं उलट करणं. समोरच्याचे शब्द किंवा हालचाली जशाच्या तशा परत करणं. तोंड वेडंवाकडं करणं. एकच निरर्थक हालचाल पुन्हा पुन्हा, किंवा एकच वाक्य अडकल्यासारखं. खाणंपिणं आणि नजरानजर टाळणं.

याचं दुसरं रूप खवळलेलं असतं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. रुग्ण तासन् तास येरझाऱ्या घालतो, कपडे फाडतो, ओरडतो, पण त्या हालचालीला दिशा नसते. मॅनियातला माणूस कुठेतरी जायला, काहीतरी मिळवायला, कोणाला तरी सांगायला निघालेला असतो. समोर कोणी आलं की त्याचं वागणं बदलतं. खवळलेल्या कॅटाटोनियात समोर कोण आहे याने काही फरक पडत नाही. मधूनच तो एखाद्या स्थितीत थिजतो, मधूनच तुमचे शब्द परत करतो. अशा रुग्णाला कॅज्युअल्टीत हॅलोपेरिडॉल हे जोरकस अँटिसायकोटिक टोचलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ताप घेऊन तो आयसीयूत पोचतो. तसंच दगडासारखा बसलेला रुग्णही क्षणात उठून समोरच्याला मारू शकतो. तपासताना दार मोकळं ठेवा, एकटे जाऊ नका.

खाटेजवळची तपासणी

दहा मिनिटं पुरतात. क्रम मोडू नका.

१. आत जाण्याआधी दोन मिनिटं दारातूनच पाहा. शरीराची ठेवण, पापण्या, चेहरा, हातांच्या हालचाली. तुम्ही समोर आल्यावर यातलं काही बदलतं का, तेही महत्त्वाचं.

२. नाव, गाव, जेवण असं साधं बोलत राहा. बोलता बोलता स्वतःचं डोकं ठळकपणे खाजवा. रुग्णाचाही हात डोक्याकडे गेला तर ते अनुकरण. त्यासाठी नमस्कार करून बघू नका. नमस्काराला नमस्कार हा शिष्टाचार आहे, लक्षण नव्हे. पाच मिनिटांत वीसपेक्षा कमी शब्द आले तर मौनाला दोन गुण, एकही नाही तर तीन.

३. ‘हात सैल सोडा’ असं सांगून रुग्णाचा हात कोपरातून हलवा, कधी हलक्या जोराने, कधी जास्त. या एका पायरीत चार गोष्टी कळतात. थांबत थांबत, दातेरी चाक फिरल्यासारखा कडकपणा लागला तर औषधांमुळे आलेल्या पार्किन्सनचा संशय घ्या. सगळीकडे सारखा ताठरपणा असेल तर तो वेगळा नोंदवा. तुम्ही जितका जोर लावाल तितकाच उलटा जोर लागला, तर तो कॅटाटोनियातला विरोध. आणि मऊ झालेली मेणबत्ती वाकवताना लागतो तसा सुरुवातीला थोडा विरोध होऊन मग हात वळला, तर ते मेणासारखं लवचीकपण. मग हात हवेत अवघडलेल्या स्थितीत सोडून द्या आणि घड्याळ लावून किमान एक मिनिट थांबा. पाच सेकंदांत ‘पडला हात’ असं ठरवून पुढे जाणं ही इथली नेहमीची चूक.

४. हात समोर धरायला सांगा. ‘मी उचलायला लागलो तरी उचलू देऊ नका’ असं स्पष्ट बजावून तळहाताखाली एकच बोट लावा आणि हळूच वर न्या. सांगूनही हात अलगद वर जात राहिला तर लक्षण हजर.

५. हात पुढे करा आणि त्याच वेळी म्हणा, ‘माझ्या हातात हात देऊ नका.’ रुग्णाचा हात अर्ध्यावर येतो, थबकतो, मागे जातो, पुन्हा येतो. ही दुविधा एकदा पाहिली की विसरत नाही. खेड्यातल्या वयस्कर बाईला पुरुष डॉक्टरशी हात मिळवायची सवय नसते. तिथे हात परिचारिकेने पुढे करावा, नाहीतर संकोचालाच लक्षण समजाल.

६. खिशात हात घालून म्हणा, ‘जीभ बाहेर काढा, मला टाचणी टोचायची आहे.’ टोचायचं अजिबात नाही. जीभ बाहेर आली तर तो यांत्रिक आज्ञाधारकपणा.

७. तळहातावरून बोट फिरवा. मूठ आपोआप मिटली तर पकड प्रतिक्षेप हजर.

८. आता चार्ट. गेल्या २४ तासांत पोटात काय गेलं, लघवी किती झाली, ताप, नाडी, रक्तदाब, श्वास. आणि रात्रपाळीच्या सिस्टरना विचाराच. दिवसा थिजलेला रुग्ण रात्री उठून चालल्याचं त्यांनीच पाहिलेलं असतं. तशी नोंद मिळाली म्हणून ‘मग नाटक करतोय’ असा निष्कर्ष काढू नका. चढउतार हा या अवस्थेचा स्वभावच आहे.

वेदना देऊन प्रतिसाद बघायची वेळ आलीच तर एकदाच, आणि नोंद करून. हा रुग्ण बेशुद्ध नसतो. अनेकांना बरं झाल्यावर खाटेजवळ झालेलं बोलणं आठवतं. पुष्कळजण सांगतात की त्या काळात आत प्रचंड भीती दाटली होती. त्यामुळे त्याच्यादेखत ‘ढोंगी आहे’ म्हणू नका, आणि प्रत्येक कृतीआधी काय करणार आहात ते त्याला सांगा.

लोराझेपाम चाचणी

ही रुग्णालयातच करायची. आधी पूर्ण गुण मांडा, नाहीतर फरक कशाशी ताडणार? पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन, अँबू बॅग हाताशी हवी, फ्लुमाझेनिल (लोराझेपामवरचा उतारा) उपलब्ध हवं. दारूच्या किंवा अफूजन्य औषधांच्या नशेत असलेला रुग्ण, श्वसनाचा गंभीर आजार, स्लीप अ‍ॅप्निया किंवा आधीच कमी ऑक्सिजन असेल तर फार जपून. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. दिवसचे दिवस बाहेर पडलेल्या अँप्यूलवर चाचणी करून ती ‘निगेटिव्ह’ ठरवू नका.

शिरेतून १ ते २ मिलिग्रॅम, समभाग पातळ करून सावकाश द्या. वृद्ध आणि कृश रुग्णांत १ पासून सुरुवात. पाच मिनिटांनी पूर्ण तपासणी पुन्हा करा. फरक नसेल तर तेवढाच दुसरा डोस आणि पुन्हा तपासणी. स्नायूत दिलं तर १५ मिनिटं थांबा, तोंडाने दिलं तर ३०. गुण निम्म्याने उतरले तर चाचणी सकारात्मक. इंजेक्शन मिळतच नसेल आणि रुग्ण गिळू शकत असेल, तर झोल्पिडेम १० मिलिग्रॅमनेही अशी चाचणी करतात.

रुग्ण बोलू लागला की ती मिनिटं वाया घालवू नका. कोणती औषधं घेतली, काही गिळलं का, आवाज ऐकू येतात का, मरावंसं वाटतं का, कुठे दुखतंय, उपचाराला संमती आहे का, हे सगळं तेव्हाच विचारा. काही तासांनी परिणाम ओसरून तो पुन्हा थिजतो. नातेवाईक हबकतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

चाचणी नकारात्मक आली म्हणून कॅटाटोनिया नाही असं ठरत नाही. काहींना कित्येक दिवस नियमित डोस लागतात. विशेषतः जुन्या स्किझोफ्रेनियातला वर्षानुवर्षांचा कॅटाटोनिया लोराझेपामला कमी दाद देतो.

सारख्या दिसणाऱ्या अवस्था

झटके न दिसणारी अखंड फिट हा पहिला धोका. तीही लोराझेपामने सुधारते, म्हणून सुधारणा झाली एवढ्यावर विसंबू नका. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) लागतोच. भ्रमावस्थेत म्हणजे डेलिरियममध्ये शुद्धी ढगाळलेली असते आणि ईईजी संथ होतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि तेव्हा लोराझेपामने गोंधळ वाढू शकतो. लॉक्ड-इन अवस्थेत (शुद्ध असून सगळं अंग लुळं) रुग्ण डोळे वर-खाली करून आणि पापण्यांनी होय-नाही सांगतो. पक्षाघातात वाचा गेलेला माणूस बोलायची धडपड करतो. सेरोटोनिन सिंड्रोममध्ये घोट्याचे झटके, वाढलेले प्रतिक्षेप आणि जुलाब असतात.

तपासण्या: हिमोग्राम, साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, यकृत, थायरॉइड, बी-१२, सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारं एंझाइम), रक्तातलं लोह, एचआयव्ही, लघवीतली नशाद्रव्यं, गर्भधारणा चाचणी, ईईजी. कॅटाटोनियाची पहिलीच खेप असेल, ताप असेल किंवा मज्जासंस्थेची खूण दिसली तर एमआरआय आणि पाठीतलं पाणी. सीपीके स्नायूत इंजेक्शन देण्याआधी घ्या, कारण नुसत्या टोचण्यानेही ते वाढतं.

ताप आला की घड्याळ सुरू

ताप, घाम, वेगाने वरखाली होणारा रक्तदाब, जलद नाडी, वाढता ताठरपणा आणि चढलेलं सीपीके म्हणजे घातक कॅटाटोनिया. अँटिसायकोटिक चालू असताना हेच चित्र दिसलं तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. दोन्हींत फरक करत बसण्यापेक्षा पहिल्या तासात करायची कामं सारखीच आहेत. अँटिसायकोटिकसारखी, मेंदूतलं डोपामीन अडवणारी सगळी औषधं बंद करा. यात उलटीसाठी दिलेलं मेटोक्लोप्रामाइडही येतं, आणि ते हमखास विसरलं जातं. सलाइन, शरीर थंड करणं, आयसीयू, लोराझेपाम. जंतुसंसर्ग शोधायचाच, पण तो सापडेपर्यंत बाकीचं थांबवायचं नाही. एक-दोन दिवसांत उतार नसेल तर ईसीटीची (भूल देऊन मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराची) तयारी करा.

उपचार: डोस अर्धवट सोडू नका

साधारण सुरुवात दिवसाला ३ ते ६ मिलिग्रॅम लोराझेपाम, तीन भागांत. उतार कमी असेल तर श्वास आणि गुंगीवर लक्ष ठेवून डोस रोज वाढवायचा. ८ ते २४ मिलिग्रॅमपर्यंत जावं लागू शकतं. सुमारे ६० ते ८० टक्के रुग्णांना याने उतार पडतो. अपयशाचं पहिलं कारण म्हणजे दिवसाला २ मिलिग्रॅमवर थांबून ‘लागू पडलं नाही’ म्हणणं. दुसरं, ‘आधीच निपचित आहे, झोपेचं औषध कसं देऊ?’ म्हणून डोस चुकवणं. हा रुग्ण गुंगीत नसतो, अडकलेला असतो. या औषधाने तो सैल होतो. खरंच झोप लागली असेल तर डोस थांबवा. निश्चल आणि झोपलेला यातला फरक पापण्या आणि श्वास सांगतात.

अँटिसायकोटिक सुरुवातीला नकोच. हॅलोपेरिडॉलसारखी जोरकस औषधं तर मुळीच नकोत, त्यातही शरीरात पाणी कमी आणि लोह कमी असेल तेव्हा. मूळ आजारासाठी पुढे गरज पडलीच तर लोराझेपाम चालू ठेवून, सौम्य औषधाने, कमी डोसने. क्लोझापीन बंद केल्यामुळे कॅटाटोनिया आला असेल तर तेच पुन्हा काळजीपूर्वक सुरू करणं हा उपचार ठरतो.

तीन ते सात दिवसांत पुरेसा उतार नसेल, रुग्ण खातपीत नसेल, किंवा ताप चढला असेल तर ईसीटी. कॅटाटोनियात हा सर्वांत प्रभावी उपचार आहे, आणि लोकांच्या मनातल्या भीतीपायी तो लांबवणं रुग्णाला महागात पडतं. सहसा आठवड्यातून तीनदा, घातक प्रकारात रोजही. आदल्या रात्रीचा किंवा सकाळचा लोराझेपाम डोस मागेपुढे करावा लागतो, कारण त्याने फिट येणं कठीण होतं. भूलतज्ज्ञांना रुग्ण किती दिवस निश्चल होता आणि सीपीके किती आहे ते आवर्जून सांगा. सक्सिनिलकोलीनने अशा रुग्णाचं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं, तेव्हा ते दुसरा स्नायुशिथिलक निवडतील.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे भूल आणि स्नायुशिथिलक न देता ईसीटी देता येत नाही. अल्पवयीनांना पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तातडीच्या उपचाराच्या ७२ तासांच्या तरतुदीत ईसीटी बसत नाही. त्यामुळे नामनिर्देशित प्रतिनिधी (निर्णयात रुग्णाला साथ देणारी व्यक्ती) ठरवणं आणि कागदपत्रं पहिल्याच दिवशी सुरू करा.

वॉर्डातली काळजी

औषधाने तोंड उघडेपर्यंत शरीर टिकवणं हे परिचारिकांचं काम, आणि जीव वाचतो तो बहुधा त्यातच. दर दोन तासांनी कूस बदला. टाचा, माकडहाड, कोपर रोज बघा. पोटऱ्यांची सूज आणि दोन्ही पायांचा घेर ताडा. डॉक्टरांना गुठळ्या रोखणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारा, बहुतेक निश्चल रुग्णांना एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज लागतं. लघवी तुंबली आहे का ते पोटावर हात ठेवून पाहा. पापण्या मिटत नसतील तर डोळ्यांत थेंब घाला. गालात साठलेला घास बोटाने नव्हे, स्वॅबने काढा. कित्येक दिवस उपाशी असलेल्याला ग्लुकोजआधी थायमिन, आणि अन्न हळूहळू वाढवत. एकदम भरपूर दिल्यास फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळतं.

घरच्यांनी काय करायचं

चोवीस तास पोटात काही नाही, दहा-बारा तास लघवी नाही, ताप, दम, एका पायाला सूज, अंग ताठ, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. १०८ ला फोन करा आणि फिजिशियन व मानसोपचारतज्ज्ञ दोन्ही असलेलं रुग्णालय गाठा. नुसता सल्ला हवा असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पण वरची लक्षणं असतील तर फोनवर वेळ घालवू नका.

निघताना दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या: आधी दुरून, मग तुम्ही बोलत असताना. सगळ्या औषधांची पाकिटं घ्या आणि गेल्या महिन्यात कोणतं सुरू केलं, कोणतं बंद केलं ते तारखेसह लिहा. बंद केलेली झोपेची गोळी सांगायला लोक विसरतात. तोंड दाबून उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मिरचीची धुरी, चिमटे, थोबाडीत मारणं याने काही सुटत नाही आणि भीती वाढते. बाहेरची बाधा असल्याची शंका घरात कोणाला असेल तर वाद घालू नका. दवाखाना आधी, बाकीचं नंतर, एवढ्यावर त्यांना राजी करा. घरात उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका.

घरी सोडल्यावर लोराझेपाम काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी होतं. एखाद्या टप्प्यावर बोलणं कमी झालं, घास रेंगाळू लागला, नजर स्थिरावू लागली तर आधीच्या डोसवर परत जाण्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी ठळक लिहून घ्या: कॅटाटोनिया झाला होता, सुरुवातीचे आणि शेवटचे गुण किती, लोराझेपामच्या किती डोसला उतार पडला, आणि कोणत्या औषधाने त्रास वाढला. पुढच्या वेळी मध्यरात्री कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर असेल, तेव्हा हॅलोपेरिडॉल टळेल ते या कार्डामुळे.